दप्तर आणि डॅशबोर्ड

अण्णा तलाठी होते आणि आमच्या घरात सगळ्यांत जपलेली वस्तू म्हणजे त्यांचं दप्तर. लाल फडक्यात बांधलेल्या नोंदवह्यांना आम्हा भावंडांनी हात लावायचा नाही, हा नियम होता. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात त्यांचा सजा (नेमून दिलेली गावं) बदलत राहिला. कधी गोदाकाठची गावं, कधी पैठणच्या उजव्या कालव्यालगतची, तर कधी फाल्गुनातच टँकरची वाट बघणारी. दप्तराची मांडणी मात्र सगळीकडे तीच, १ ते २१ गाव नमुने. सहाव्यात फेरफार, सातव्यात जमिनीचा हक्क, बाराव्यात पीक, आठ-अ मध्ये खातेदाराची एकूण जमीन, तेराव्यात गावची माणसं आणि जनावरं. पोस्टाच्या तिकिटांचा हिशेब ठेवायलासुद्धा वेगळा नमुना. बदली होऊन आलेल्या नव्या तलाठ्याला गाव समजून घ्यायला कुणाच्या मागे फिरावं लागत नसे. दप्तर सोडलं की गाव समोर उभं राहायचं.

त्या दप्तरातली एक रीत मला फार आवडायची. जमिनीचा व्यवहार झाला की अण्णा फेरफाराची नोंद सहाव्या नमुन्यात घेत आणि सातबाऱ्यावर तिचा क्रमांक पेन्सिलीनं लिहीत. संबंधितांना नोटीस जायची, हरकतीची मुदत सरायची, मग सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करायचे. त्यानंतरच पेन्सिलीच्या जागी शाई यायची. ऐकलेली गोष्ट आणि तपासलेली गोष्ट यांत फरक आहे, हे कागदाकडे नुसतं बघून कळायचं. वर्षाच्या शेवटी जमाबंदीला सगळ्या वह्यांची तपासणी व्हायची. त्या आठवड्यात अण्णांचं जेवणावर लक्ष नसायचं.

खरिपात पीक पाहणी असायची. कोतवालमामांना बरोबर घेऊन अण्णा बांधाबांधानं जायचे. कुठं कापूस, कुठं बाजरी, कुठं तुरीचं आंतरपीक, विहिरीला पाणी किती, पड किती, हे बघून लिहायचे. पीक कापणी प्रयोग तर आमच्यासाठी सोहळाच असायचा. शेत कोणतं निवडायचं हे मर्जीवर नसे, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून ठरे. ठरलेल्या मापाचा तुकडा दोरीनं आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं आणि जागेवर वजन करायचं. ही पद्धत देशभर रुजवणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नाव मोठं आहे. साताऱ्याच्या बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ. नजरअंदाजावर विसंबू नका, नमुना निःपक्षपणे निवडा आणि मोजा, ही शिस्त १९४० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीत आणली. पोतं भरेल की अर्धं राहील, यावर आमच्या पैजा लागायच्या. अण्णा म्हणायचे, "पैज कशाची लावता? काटा सांगंल तेवढंच खरं."

पुढे मी पुण्यात आले आणि सॉफ्टवेअरच्या परफॉर्मन्स टेस्टिंगमध्ये पडले. आमच्या भागात अजूनही विचारतात, "म्हंजी नेमकं काय करायलीस?" मी सांगते की एखादं संकेतस्थळ किंवा ॲप एका माणसासाठी चालतं की नाही हे दुसरे तपासतात; लाख माणसं एकदम आली तर ते चालेल का, किती वेळात उत्तर देईल आणि कुठे अडेल, हे आम्ही तपासतो. त्यासाठी खोटे वापरकर्ते तयार करायचे, त्यांची संख्या हळूहळू वाढवत न्यायची आणि यंत्रणेला धाप कुठे लागते ते मोजायचं. कधी एकदम धक्का द्यायचा, कधी रात्रभर सारखा भार ठेवायचा. स्मृती हळूहळू गळत असेल तर ती सात-आठ तासांनीच दिसते.

सुरुवातीचे दिवस आठवले की हिंजवडीतली थंडगार लॅब आठवते. लोडरनर हे तेव्हाचं मुख्य साधन. मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह कंपनीचं ते उत्पादन २००६ मध्ये एचपीकडे गेलं. किती खोटे वापरकर्ते उठवता येतील, त्यानुसार परवान्याची किंमत ठरायची आणि ती भारी असायची. म्हणून एक परवाना अनेक प्रकल्पांत वाटलेला, त्याच्या वेळा भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेल्या. दिवसा त्याच सर्व्हरवर दुसऱ्यांची कामं चालत, त्यामुळे आमची पाळी रात्री यायची. डेटाबेसवाला एका फोनवर, नेटवर्कवाला दुसऱ्या फोनवर, आणि आम्ही कंट्रोलरच्या पडद्यावरची रेघ बघत बसलेलो. रेघ वाकली की सगळे एकदम सावध. स्क्रिप्ट लिहिताना प्रत्येक पायरीवर सर्व्हरनं दिलेली बदलती खूण पकडून पुढच्या पायरीत घालावी लागे. ते काम हातानं आणि डोळ्यांनी करायचं. पहाटे चाचणी संपली की कँटीनमधला पहिला चहा आणि त्या चहावर चाललेली चर्चा, हेच आमचं खरं शिक्षण होतं.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांच्याकडे लांब, रेघांची वही होती. कोणत्या तारखेला कोणती आवृत्ती, डेटाबेसमध्ये किती नोंदी होत्या, भार किती, कुठे अडलं, काय बदललं, बदलल्यावर काय झालं, सगळं त्या वहीत. पहिल्यांदा ती वही बघितली तेव्हा मला अण्णांचं अक्षर आठवलं. पण ती वही त्यांची एकट्याची होती. ते दुसरीकडे गेले आणि वहीही गेली. सामायिक ड्राइव्हवर एकाच नावाच्या पाच-सहा फाइली उरल्या, प्रत्येकीच्या शेवटी 'फायनल' लिहिलेलं. कोणत्या स्क्रिप्टवर कोणता निकाल आला होता, ते सांगणारं कुणी नव्हतं. आधीच्या वर्षी सुटलेल्या गाठी पुढच्या वर्षी नव्या मुलांनी पुन्हा सोडवल्या. त्या काळच्या बहुतेक चमूंची हीच गत होती. ज्ञान माणसांकडे होतं, कामाकडे नव्हतं.

त्याच वहीतून मी दोन गोष्टी शिकले. पहिली, सरासरीवर विसंबायचं नाही. दहा माणसांपैकी नऊ जणांना २ सेकंदांत उत्तर मिळालं आणि दहाव्याला ६२ सेकंद लागले, तर सरासरी ८ सेकंद येते. ८ सेकंद तर एकाही माणसानं अनुभवलेले नसतात. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला हे बघायचं. दुसरी गोष्ट म्हणजे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला रांगेचा नियम. दर मिनिटाला सरासरी किती माणसं येतात आणि प्रत्येक जण सरासरी किती वेळ थांबतो, यांचा गुणाकार म्हणजे आत असलेली माणसं. मिनिटाला १०० जण येत असतील आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट लागत असेल, तर आत कायम ५० जण असतात. तोच वेळ ३ मिनिटांवर गेला की आत ३०० जण होतात, बाहेरून येणारा माणूस एकही न वाढता. यंत्रणा मंद झाली की गर्दी आपोआप का वाढते, याचं उत्तर या एका गुणाकारात आहे.

आता सगळं बदललं आहे आणि बरंचसं चांगल्यासाठी बदललं आहे. जेमीटर हे स्टेफानो माझ्झोकी यांनी ॲपाचीत सुरू केलेलं मुक्त साधन १९९८ पासून आहे. गेवराईतला विद्यार्थीही ते आपल्या लॅपटॉपवर फुकट उतरवून घेऊ शकतो. केसिक्स, गॅटलिंग, लोकस्ट ही त्याच्यानंतरची पिढी. भार उठवायला लॅबची गरज उरली नाही, क्लाउडवर तासाभरासाठी शंभर यंत्रं घ्यायची आणि काम झालं की सोडून द्यायची. स्क्रिप्ट गिटमध्ये असतात, त्यामुळे कोणी, कधी, का बदल केला हे ओळीगणिक दिसतं. रोज रात्री चाचणी आपोआप चालते, पंच्याण्णवाव्या माणसाचा वेळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर सकाळी तो बदल पुढेच जात नाही. प्रोसेसर, स्मृती, डेटाबेसची रांग, सगळं डॅशबोर्डवर रंगीत रेघांत हलत असतं. एके काळी चार फोन करून मिळणारी माहिती आज नवशिक्याच्या पडद्यावर पहिल्याच दिवशी असते.

चांगल्या चमूंनी ज्ञानाची मांडणीही शिकून घेतली आहे. प्रत्येक चाचणीचं एक पान असतं आणि त्याचे रकाने ठरलेले असतात. कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो, कोणती आवृत्ती, कोणता सर्व्हर, डेटा किती, भार कुणाच्या वागण्यावरून ठरवला, निकाल काय आणि त्यावर निर्णय काय झाला. याशिवाय नेहमीच्या दुखण्यांची एक यादी असते. न लावलेला इंडेक्स, अपुऱ्या पडलेल्या डेटाबेस जोडण्या, उत्तर न देणारी दुसऱ्याची सेवा अशी दुखणी आणि त्यांची लक्षणं. ऐन गर्दीत काय करायचं, कुणाला उठवायचं, कोणती सोय तात्पुरती बंद ठेवायची, याची पायरीवार पुस्तिका असते. अशी पानं बघितली की मला गाव नमुनेच दिसतात. ठरलेला रकाना माणसाला विसरू देत नाही. तो रिकामा राहिला तर रिकामाच दिसतो आणि विचारायला लावतो.

तरीही एक हिशेब मला बेचैन करतो. मोजमापं साठवणारं प्रोमेथियस हे साधन आज जगभर वापरलं जातं. वेगळं काही सांगितलं नाही, तर ते आपली आकडेवारी १५ दिवस ठेवतं आणि मग पुसतं. इकडे मराठवाड्यात १९५४ च्या खासरा पत्रकातली नोंद शोधायला लोक आजही अभिलेख कक्षात येतात आणि पिवळ्या पानावर ती सापडते. यंत्राचा प्रत्येक आकडा सत्तर वर्षं सांभाळावा, असं माझं म्हणणं नाही. पण गेल्या हंगामात काय घडलं, हे या हंगामाच्या आधी वाचता आलंच पाहिजे. आकडे गेले तरी चालतील, त्यांतून काढलेला अर्थ जाता कामा नये. तो अर्थ यंत्र लिहीत नाही, माणसाला लिहावा लागतो. आज रेघा भरपूर आहेत, त्यांच्याखाली दोन वाक्यं लिहायला मात्र कुणाला वेळ नाही. पहाटेच्या चहावर जे बोललं जायचं ते आता चॅटमध्ये वाहून जातं.

हे सगळं मला एवढं लागतं, कारण दरम्यान अण्णांचं दप्तरच सर्व्हरवर गेलं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुणे केंद्रात तयार झालेल्या ई-फेरफार प्रणालीत आज राज्यभरचे फेरफार नोंदवले जातात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करू लागला. २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनामही ग्राम महसूल अधिकारी झालं. अण्णा बांधावरून जे करायचे ते आता ॲप करतं. म्हणजे ते ॲप भार पेलेल की नाही हा माझ्या तालुक्याच्या पोटाचा प्रश्न झाला आहे.

२०२३ चा खरीप आठवतो. राज्यानं एक रुपयात पीक विमा आणला आणि १ कोटी ७० लाखांहून अधिक अर्ज आले. बीड जिल्हा त्यात अगदी पुढे होता. मुदत ३१ जुलैची होती, ती वाढवून ३ ऑगस्ट करावी लागली. असे दिवस गेवराईत कसे असतात ते मी बघितलं आहे. सेवा केंद्राच्या दारात सकाळपासून रांग, पिशवीत आधार कार्ड, पासबुक आणि सातबारा. कुणी म्हणतं, "सर्व्हर डाऊन हाय म्हणतेत." कुणी हात पुसून पुन्हा यंत्रावर अंगठा ठेवतं, "थंब लागंना गेलाय." कापूस वेचून आणि खुरपून झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. एखादी बाई दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते आणि संध्याकाळी तिला उद्या या असं ऐकावं लागतं. पुण्यात ज्याला आम्ही प्रतिसादाचा वेळ म्हणतो, त्याची किंमत इथे मजुरीत मोजली जाते.

मोठमोठ्या यंत्रणांनाही हा धडा चुकलेला नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. पहिल्या दिवशी लाखो लोक आले आणि हातावर मोजण्याइतक्यांचीच नोंदणी पूर्ण होऊ शकली. आपल्याकडे २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता कोविनवर १८ वर्षांवरील सर्वांची लसीकरण नोंदणी खुली झाली. पहिल्या काही मिनिटांत अडखळत का होईना, त्या दिवसात १ कोटी ३० लाखांच्या वर नोंदी झाल्या. दोन्हीकडे कळलेली गोष्ट एकच, लोक दिवसभर सारखे विखरून येत नाहीत. दार उघडताना आणि मिटताना ते एकदम येतात. हे पुन्हा पुन्हा कळतं आणि पुन्हा पुन्हा विसरलं जातं, हेच दुखणं आहे.

म्हणून खेड्यासाठीची यंत्रणा तपासायची तर चाचणीतले खोटे वापरकर्ते गेवराईसारखे वागले पाहिजेत. एकाच संगणकावरून एकच चालक दिवसभर शेकडो अर्ज भरतो, हे त्यात हवं. नेटवर्क मध्येच तुटतं आणि माणूस तीच कळ तीनदा दाबतो, हे हवं. फोटो मोठा आणि रेंज बारीक असते, ओटीपी येईपर्यंत आधीचं पान मुदत संपून मिटतं, शेवटच्या दोन दिवसांत आठवड्याचं काम येतं, हेही हवं. पाऊस पडून गेला की अख्खा तालुका एकाच दुपारी पीक नोंदवायला निघतो, हे तर पुण्यात बसून सुचणारच नाही. हे ज्ञान कुठल्या साधनात मिळत नाही. सेवा केंद्राचा चालक, ग्राम महसूल अधिकारी, कृषी कर्मचारी आणि रांगेतली बाई यांच्याकडे ते आहे. सुखात्मे यांनी शेतात जाऊन मोजायला लावलं, तसं आम्हालाही रांगेपाशी जाऊन मोजावं लागेल.

जुन्या काळाचा अभिमान सांगताना त्याची उणीवही सांगितली पाहिजे. अण्णांचं दप्तर फडक्यात बांधलेलं होतं. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी शेतकऱ्याला तलाठी कुठे भेटतो ते शोधत फिरावं लागे. वाळवीनं खाल्लेली पानं, वाचता न येणारं अक्षर, मोडी आणि उर्दूतले जुने कागद, या सगळ्यापुढे साधा माणूस हतबल होता. कितीतरी बायकांना आपल्या नावावर जमीन आहे की नाही, हे कधी बघायलाच मिळालं नाही. आज गेवराई तालुक्यातल्या मादळमोहीची मुलगी मुंबईत बसून आईच्या शेताचा उतारा काढू शकते. हा बदल फार मोठा आहे आणि त्यामागे हजारो तलाठ्यांनी, प्रोग्रामरांनी आणि तपासनिसांनी जागवलेल्या रात्री आहेत. तो काळ परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. त्या काळाची एक सवय तेवढी परत यावी असं वाटतं.

साधनं आजची श्रेष्ठ आहेत, जपणूक मात्र कालची श्रेष्ठ होती. आज भार मोजणं सोपं झालंय आणि मोजलेलं लक्षात ठेवणं अवघड झालंय. ज्या दिवशी या दोन गोष्टी एकत्र येतील, त्या दिवशी हंगामाच्या शेवटच्या तारखेला मुदतवाढ मागावी लागणार नाही.

माझ्यासारखं काम करणाऱ्या, विशेषतः बीड, जालना, परभणीकडून पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मुलामुलींना एवढंच सांगायचं आहे. चाचणी संपली की लॅपटॉप मिटण्याआधी एक पान लिहा. काय विचारलं, कशावर मोजलं, काय सापडलं, काय ठरलं आणि काय अजून तपासायचं राहिलं, ते लिहा. न तपासलेल्या गोष्टीवर तशी खूण करा. ते पान स्वतःच्या यंत्रात ठेवू नका, चमूच्या दप्तरात ठेवा आणि दर हंगामाआधी सगळ्यांनी मिळून वाचा. सरकारी खात्यांनाही विनंती आहे. लाखो शेतकऱ्यांसाठी एखादं ॲप खुलं करण्याआधी ते किती भारावर तपासलं, हे एका पानात जाहीर करा आणि हंगाम सरल्यावर प्रत्यक्षात किती भार आला तेही जाहीर करा. शेतकऱ्याच्या पिकाची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते. त्याच्या वाट बघण्याचीही नोंद ठेवली गेली पाहिजे.